फोनला ऊन

वॉर्डातले पाच फोन कुणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून सगळ्यांचे हात त्यांना लागत. पाळीवरची नर्स फोन घेऊन पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा नंबर टिपणार, जखमेचा फोटो काढणार, ताप नि बीपी त्यात भरणार. मग ड्रेसिंगला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो तिथंच चादरीवर उताणा टाकणार. ड्रेसिंग झालं की तोच फोन उचलून पुढच्या खाटेकडे. पाच फोन आणि बत्तीस खाटा. ज्यानं कुणी ही वाटणी केली तो आयुष्यात कधी नर्स नव्हता, एवढं नक्की.

पद्मावती मगदूम या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या. सांगलीतल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षांत एकही मेमो नाही. याखेरीज मिरवण्यासारखं त्यांच्याकडं फारसं उरलं नव्हतं. पायांच्या शिरा फुगल्या होत्या, झोप तुटक झाली होती, आणि कुणी "सिस्टर, एक मिनिट" म्हटलं की आता आणखी काय, असं वाटायचं. पण मेमो नाही, हे त्या मनाशी अधूनमधून म्हणायच्या, प्रवासात माणूस खिशातलं तिकीट चाचपतो तसं.

गेल्या वर्षी या फोनांसाठी पेटी आली. ओव्हनएवढी, पांढरी. आत मधोमध काचेचा कप्पा, कप्प्याच्या वर दोन नळ्या आणि खाली दोन. फोन काचेवर उताणे मांडायचे, दार लावायचं, बटण दाबायचं. पाच मिनिटं निळसर उजेड पडतो आणि त्यातल्या अतिनील किरणांनी फोनवरचे जंतू मरतात. कंपनीच्या माणसानं हे सगळं निम्म्या इंग्रजीत सांगितलं, बायकांनी माना डोलावल्या. तो जिन्यावरून उतरतो न उतरतो तोच हरणाबाईनं एका वाक्यात निकाल लावला.

"म्हंजी फोनला ऊन दाखवायचं. असंच न्हवं का वो अक्का?"

हरणाबाई आष्ट्याची. ठेकेदाराकडून आलेली वॉर्डातली मावशी, पन्नाशीची, बोलायला मोकळी आणि कामाला वाघ. पद्मावतींना अक्का म्हणणारी सगळ्या हॉस्पिटलात ती एकटीच. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. तिचा शब्द वॉर्डाला असा चिकटला की महिन्याभरात डॉक्टरही विचारायला लागले, "याला ऊन दाखवलं का?"

फोन पेटीत घालायचं काम तिच्याकडंच आलं. पहिल्याच दिवशी ती पेटीसमोर उभी राहून म्हणाली, "अक्का, मधी दार उघडून एकदा उलटंपालटं करू का? आमी हळकुंडं वाळत घातली की दुपारच्याला हात फिरवतो. एका अंगानं ऊन लागून काय उपेग?"

"नको," पद्मावती म्हणाल्या. "वरून आणि खालून, दोन्हीकडनं उजेड आहे. मधे काच आहे, आरपार जातो. दार उघडलं की पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ आहे का आपल्याकडं?"

वेळ नव्हताच. आणि त्या दिवशी ते उत्तर बरोबरही होतं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजलं जातं. कोयता, पाना, शिवणयंत्र, ट्रॅक्टर. हॉस्पिटलानं का मागं राहावं? बीपीच्या मशिनी, सलाईनचे स्टँड, ऑक्सिजनची नळकांडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. पेटीचीही पूजा झाली. देखभालीचं काम बघणारा नाथाजी फौजेतून निवृत्त झालेला, पूजेच्या बाबतीत शिस्तीचा. त्यानं पेटीचं दार उघडलं आणि नारळ थेट आत काचेवर ठेवायला गेला. नारळ हातातून निसटला. टक् असा एवढासा आवाज झाला आणि कप्प्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

कंपनीकडून नवा कप्पा यायला महिना लागणार होता, त्याआधी तीन साहेबांच्या सह्या. दसऱ्यासाठी तीन नर्स रजेवर होत्या. पद्मावतींच्या कानाला फोन होता आणि दुसऱ्या हातानं त्या इंजेक्शनं मोजत होत्या, तेव्हा नाथाजी आला.

"सिस्टर, पेठेत तसबिरी करणारा हाय माझ्या वळखीचा. मापानं काच कापून आणू का? अर्ध्या तासाचं काम."

"आणा," त्या म्हणाल्या. "काच ती काच. बसवा आणि मोकळे व्हा."

नवी काच बसली. निळा उजेड होता तसाच पडला. असली वाक्यं इनचार्ज सिस्टरच्या तोंडून दिवसाला पन्नास जातात. संध्याकाळी घरी जाताना त्यातलं एकही पद्मावतींच्या लक्षात नव्हतं.

त्याच सुमाराला हरणाबाईची लेक अंकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली. हरणाबाईनं पेढ्याबरोबर मागणंही पुढं केलं. "अक्का, तीन म्हैनं मला दुपारपाळी द्या. पोरीला तेल लावून, न्हाऊ घालून मगच येष्टी धरीन. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ती राहतच न्हाई." पद्मावतींनी पाळी बदलून दिली; फोनचं कामही तिच्याबरोबर दुपारपाळीला गेलं. रोज दोन वाजता हरणाबाई यायची ती अंगाला तेलाचा आणि वेखंडाचा वास घेऊन, आणि आल्या आल्या नातीनं, राजनंदिनीनं, आज काय केलं ते सांगायची. महिना-दीड महिन्याचं पोर करून करून काय करणार? पण पद्मावती ऐकायच्या. दिवसातली तेवढीच पाच मिनिटं त्यांना बसायला मिळायची.

नोव्हेंबरच्या शेवटी वॉर्डात जखमा भरेनाशा झाल्या. आधी एक, मग दुसरी, मग तिसरी; तिन्हींत एकच चिवट जंतू. तिसरी जखम तात्यासाहेबांची. हळदीचे व्यापारी, पायाचं ऑपरेशन साधं, आठ दिवसांत घरी जायचे. पाचवा आठवडा चालू होता. रोज सकाळी पाळीवरची नर्स त्यांच्या पायाचा फोटो काढायची, फोन चादरीवर टाकून ड्रेसिंग करायची, आणि ते पद्मावतींना विचारायचे, "सिस्टर, कवा सोडताय?"

"बघू," त्या म्हणायच्या.

हॉस्पिटलातल्या जंतुसंसर्गावर लक्ष ठेवायचं काम डॉक्टर ऋषिराज यांच्याकडं होतं. साताऱ्याचा पोरगा, हुशार, आणि अजून न दमलेला. त्यानं खाटांच्या कडा, नळ, ट्रॉल्या, सगळीकडून नमुने घेतले. जंतू सापडला फोनांवर. पाचही फोन पुढून स्वच्छ आणि पाठीमागून त्याच जंतूनं भरलेले.

त्यानं हरणाबाईला आणि पद्मावतींना खोलीत बोलावलं. "याचा अर्थ एकच होतो," तो म्हणाला. "फोन पेटीत जातच नाहीत. समोरची काच पदरानं पुसायची आणि वहीत खूण करायची, असं चाललंय."

"न्हाई वो डॉक्टर!" हरणाबाई म्हणाली. "पोरीची आण घेऊन सांगते, पाळीत तीनदा घालते. पाच मिन्टं तिथनं हालत न्हाई मी."

"पेटी मी स्वतः बघितली मावशी, व्यवस्थित चालते. मग चुकतंय कोण? तुमच्या हातातून हे पेशंटच्या जखमेत जातंय. कळतंय का तुम्हाला? तुमच्या हातातून."

हरणाबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. मग पद्मावतींकडं वळली. "अक्का, तुमी सांगा की."

पद्मावतींना त्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा मिळाला नव्हता. बाहेर दोन नवे पेशंट स्ट्रेचरवर होते. हरणाबाई कामचुकार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण समोर अहवालाचा कागद होता, आणि कागदाशी भांडायचं बळ कुठून आणायचं? त्या म्हणाल्या, "मी काही प्रत्येक वेळी तिथं उभी नसते."

वाक्य खरं होतं. त्यात एका अक्षराचा खोटेपणा नव्हता, आणि त्यानंच हरणाबाईचं काम गेलं.

"बरं, सिस्टर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला कमी केलं आणि बदली दुसरी बाई पाठवली. पद्मावतींनी मात्र या वेळी कुणावर सोडलं नाही. पंधरा दिवस त्यांनी स्वतःच्या हातांनी फोन पेटीत घातले, घड्याळ लावून पाच मिनिटं पेटीसमोर उभ्या राहिल्या. पाय ठणकत होते तरी उभ्या राहिल्या. मनात कुठंतरी वाटत होतं, आता फोन स्वच्छ निघू देत. म्हणजे हरणाबाईला घालवलं ते बरोबर ठरेल.

शनिवारी सकाळी नवा अहवाल आला. पुढून स्वच्छ. पाठीमागून तोच जंतू.

ड्यूटीरूममध्ये बसून त्यांनी तो कागद तीनदा वाचला. म्हणजे हरणाबाई खरं बोलत होती. कारण या वेळी फोन घालणारे हात त्यांचेच होते. त्या उठल्या आणि पेटीचं दार उघडून कप्प्याची काच बाहेर काढली. खिडकीशी धरली तेव्हा तिची कड हिरवी दिसली. त्यांच्या घरी महावीरांच्या तसबिरीला आहे तशी, साध्या काचेची हिरवी कड. आणि मग नाथाजीचा आवाज आठवला, हातातली इंजेक्शनं आठवली, आणि स्वतःचं वाक्य आठवलं. काच ती काच.

पेटीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत माहितीपत्रक लटकत होतं, वर्षभर लटकतच होतं. आठव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं: कप्पा खास काचेचा आहे; त्या जागी साधी काच बसवू नये; साध्या काचेतून उजेड दिसतो, पण जंतू मारणारे किरण आरपार जात नाहीत.

त्यांनी नाथाजीला बोलावलं. त्यानं वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्यालाही वाईट वाटलं होतं, पण तो व्यवहारी माणूस. दार लोटून हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, मी आजच कंपनीला फोन लावतो. गुपचूप खरी काच मागवू, बसवू, तवर पेटी बिघडली म्हनून पाटी लावू. कुणाला कळतंय? तुमचं तीन म्हैनं ऱ्हायलेत. आन् मावशी तर गेलीच हाय."

पद्मावतींना मोह झाला, अगदी झाला. उगाच कशाला नाकारायचं? एकतीस वर्षांचा कोरा कागद, त्यावर शेवटच्या ओळीला हा डाग. पण खोटं एकदा बोलून भागत नाही. ते मार्चपर्यंत रोज सांभाळायला लागलं असतं, त्या नवीन मावशीसमोर, तात्यासाहेबांसमोर, आणि आणखी एक गोष्ट सांभाळायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. आणि कानात दुसरंच काही घुमत होतं. अक्का, मधी उलटंपालटं करू का? तिचं ऐकलं असतं तर काच कसलीही असती तरी चाललं असतं. हळकुंडं वाळवणाऱ्या बाईला जे कळत होतं ते आपण तिला करू दिलं नाही, आणि वर तिच्याच डोक्यावर खापर फोडलं. त्यांना रडू आलं. ड्यूटीरूममध्ये रडायची ही त्यांची पहिली वेळ नव्हती, पण आजवर त्या दमून रडल्या होत्या. आज लाज वाटून रडल्या.

तोंड धुऊन त्या डॉक्टर ऋषिराजच्या खोलीत गेल्या आणि काच टेबलावर ठेवली.

"ही तसबिरीची काच आहे," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला मी बसवायला सांगितली. खालचे किरण तेव्हापासून फोनला लागतच नाहीत. हरणाबाईनं रोज फोन घातले होते."

"कुणी आणली ही?"

"सांगितली मी. बाकी नाव लिहायची गरज नाही."

त्यानं काच उचलून उजेडाला धरली. "पेटी मीही बघितली होती," तो म्हणाला. "उजेड पडतोय एवढंच बघितलं. आणि त्या बाईंना काय काय बोललो मी." त्याच्या चेहऱ्यावरचा तरतरीतपणा एकदम कमी झाला. "सिस्टर, तुम्हाला लेखी द्यावं लागेल. मेमो निघेल."

"निघू दे. ठेकेदाराला तुम्ही फोन करा. आणि तात्यासाहेबांना सांगायला हवं."

"संसर्ग फोनांमुळंच झाला असं छातीठोक नाही सांगता येणार."

"नसू दे. जेवढं माहीत आहे तेवढं सांगू."

"मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला.

रविवारी सकाळी पद्मावतींनी आष्ट्याची एसटी धरली. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत रखडत पोचली तेव्हा नऊ वाजून गेले होते. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. अंकिता पाटावर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर उघडी पोर घेऊन तिला तेल लावत होती. लावत कसली होती, घाबरत घाबरत बोटं फिरवत होती. पोर किंचाळत होती. हरणाबाई चार हात लांब, भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली.

"मांडीला जोर लाव. घाबरू नगंस, मोडत न्हाई ती," ती सांगत होती. पद्मावतींना बघून उठली, पण "या" म्हणाली नाही.

बोलली ती अंकिता. "सिस्टर, तुमीच सांगा हिला. पंधरा दिस झालं, पोरीला हात लावत न्हाई. माझ्या हातातनं दवाखान्यातली माणसं खराब झाली म्हनती. रोज ब्लिचिंगच्या पाण्यात हात बुडवून बसती. बगा तरी काय करून घेतलंय!"

हरणाबाईनं हात आणखी आत ओढले, पण पद्मावतींना दिसायचं ते दिसलं. तळवे पांढरे पडले होते, बोटांच्या पेरांना भेगा, एक-दोन भेगांत रक्त.

एसटीत त्यांनी मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरलं. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं: काचेला गेलेला तडा, तसबिरीची काच, आपला हुकूम, आठवं कलम, नवा अहवाल. हरणाबाई मान खाली घालून ऐकत होती.

"म्हंजी उजेड दिसायचा," ती सावकाश म्हणाली, "पर खालनं ऊन लागतच नव्हतं."

"नव्हतं."

"आन् मी उलटंपालटं करू का म्हनलं, तर तुमी नगं म्हनला."

"व्हय," पद्मावती म्हणाल्या.

"मग माझ्या हातात काय न्हवतं?"

"काही नव्हतं हरणाबाई. तुमच्या हातात काहीच नव्हतं. चूक माझी होती, आणि त्या दिवशी खोलीत मी तुमच्या बाजूनं बोलले नाही, ती त्याहून मोठी."

हरणाबाईनं हात पदराखालून काढले आणि उन्हात धरून बघितले. मग तिचा बांध फुटला. "पंधरा दिस, सिस्टर! ही पोर हितं वरडायची आन् मी आईची आई असून बगत बसायची. रातीला हात उशाखाली दाबून निजायची, झोपंत लागायला नगं म्हनून. एकदा येऊन बगायचं तरी हुतं." ती रडत होती आणि रागावलीही होती. पद्मावती एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांनी ठेकेदाराला कळवलंय. तुम्हाला वाटलं तर उद्यापासून या. तुमची दुपारपाळी ठेवलीय."

"बगू," हरणाबाई म्हणाली.

पोर अजून किंचाळतच होती. हरणाबाईनं डोळे पुसले. "सर गं," ती लेकीला म्हणाली. स्वतः पाटावर बसली, पाय लांब केले, लुगडं वर खोचलं आणि पोरीला दोन्ही हातांनी उचलून पायांवर घेतलं. वाटीतलं तेल तळव्यावर ओतलं. भेगांत ते झोंबलं असणार, तिचे ओठ घट्ट मिटले. पण हात थांबले नाहीत. छाती, पोट, मांड्या. पोरीनं दोन हुंदके दिले आणि ती गप्प झाली.

पद्मावती निघायला वळल्या.

हरणाबाईनं पोरीला अलगद पालथं घातलं. तिची एवढीशी पाठ उन्हाकडं केली आणि मानेपासून खाली तेलाचा हात फिरवला.

"दोनी अंगानं दाखवाय लागतंय, अक्का," ती वर न बघता म्हणाली. "बसा. उभ्या का?"